अंगावर, नाही तर कुलपात!

मैत्रिणींनो, बाहेरगावी निघताना आपली सगळ्यांची एक ठरलेली उजळणी असते. गॅसचा रेग्युलेटर बंद केला का? मोटार बंद आहे ना? मागचं दार लावलं का? कुलूप ओढून बघितलं का? नवरा गाडी सुरू करून हॉर्न वाजवत असतो, पण ही उजळणी झाल्याशिवाय आपला पाय काही घराबाहेर पडत नाही. आमच्या घरी दोन वर्षांपासून या उजळणीत आणखी एक प्रश्न वाढला आहे. तो ऐकून शेजारपाजारचे आधी हसायचे. तो का वाढला, तेच आज सांगायचं आहे.

आमच्या एका चुलत दिरांचा प्लॉटचा धंदा. पैशाची ने-आण, त्यात एकदा धमकीचा फोन आलेला, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज करून पिस्तुलाचा परवाना काढला. परवाना खरा, पिस्तूल दुकानातून घेतलेलं, सगळं कसं कायदेशीर. घरात त्याचं कोण कौतुक! आम्हा बायकांना त्याची थोडी भीती, थोडा अभिमान, आणि माहिती मात्र शून्य. ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून आम्ही कधी विचारलंच नाही.

उन्हाळ्यात पांढुर्ण्याला लग्न होतं. वऱ्हाडाची बस ठरलेली. भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, माझी गाडी तुम्ही घ्या, लेकराला उन्हाचा त्रास नको. मी बसमध्ये येतो वऱ्हाडासोबत.’’ गाडी मी चालवत होते. बाजूला माझी जाऊ, तिच्या मांडीवर तिचा सहा वर्षांचा मुलगा. प्रताप नगरातून निघालो, सावनेर मागे पडलं, केळवद जवळ आलं. पोराला चॉकलेट हवं होतं. त्यानं गाडीसमोरचा कप्पा उघडला, हात घातला आणि म्हणाला, ‘‘मोठ्या काकू, ही खरी आहे?’’

मी वळून पाहिलं आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. त्याच्या दोन्ही हातांत भाऊजींचं पिस्तूल होतं, आणि नळी माझ्या कुशीकडे.

गाडी कशी कडेला घेतली, देव जाणे. जावेनं हळूच त्याचे हात खाली दाबले, पिस्तूल होतं तसं पायाशी ठेवायला लावलं आणि त्याला उचलून बाहेर आली. मीही उतरले. दारं लावली आणि रखरखत्या उन्हात बाभळीखाली आम्ही तिघं उभे राहिलो. मागून बस आली. भाऊजी उतरले ते हसतच. ‘‘काही नाही होत वो वहिनी, सेफ्टी लावलेली आहे!’’ शेतात जाऊन, नळी जमिनीकडे करून त्यांनी मॅगझिन काढलं. मग स्लाइड मागे ओढली, तर आतून एक काडतूस टपकन मातीत पडलं. म्हणजे गोळी नळीच्या तोंडाशी तयारच बसली होती! तेव्हा मात्र भाऊजींचं हसू मावळलं.

मी एवढंच म्हटलं, ‘‘भाऊजी, ही वस्तू घेऊन आम्ही एक पाऊल पुढे टाकणार नाही.’’ ते गाडी घेऊन परत नागपूरला गेले, पिस्तूल घरी कुलपात ठेवून आले. लग्नाला पोचले ते पंगत उठल्यावर! चार नातेवाईक मला नावं ठेवून गेले. ठेवू देत. नावं ठेवायला माणसं जिवंत तरी होती!

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मंडळाच्या कामामुळे दोन वकिलांशी ओळख आहे, पोलीस ठाण्यातही जाणं-येणं असतं. विचारत गेले, वाचत गेले आणि कळलं, की त्या दिवशी आम्ही कितीतरी चुका एकाच गाडीत भरून निघालो होतो.

पहिली चूक माझीच, आणि ती मला ठाऊकसुद्धा नव्हती. शस्त्राचा परवाना हा गाडीला किंवा घराला नसतो, तो एका माणसाला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ज्याच्याकडे परवाना नाही, तो दुसऱ्याचं शस्त्र फक्त परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारानेच नेऊ शकतो. तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. भाऊजी मागे बसमध्ये, आणि त्यांचं पिस्तूल माझ्या हातातल्या गाडीत! वाटेत नाकाबंदी असती आणि पोलिसांनी कप्पा उघडायला सांगितला असता, तर मी काय उत्तर देणार होते? ‘दिरांचं आहे हो’ एवढ्यानं भागलं नसतं. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद सांगितलेली आहे. मला ठाऊक नव्हतं हे मी कोर्टात पटवून दिलंही असतं, पण तिथपर्यंतच्या वाऱ्या कोणी करायच्या? आज आपल्यापैकी कितीतरी जणी नवऱ्याची, दिराची, भावाची गाडी चालवतात. म्हणून सांगते, गाडीच्या पोटात काय आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी चूक हद्दीची. परवान्यावर त्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा अख्ख्या भारतासाठी. भाऊजींचा होता महाराष्ट्रापुरता. आपल्याला पांढुर्णा काय, सौंसर काय, सगळं माहेरच वाटतं. भाषा तीच, सोयरिकी त्याच. जामसावळीच्या हनुमानाला तर नागपूरकर गल्लीतल्या देवळात गेल्यासारखे जातात. पण केळवद सोडलं की थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश लागतो, आणि राज्यापुरता परवाना तिथे कामाचा नसतो. गाडीला ते कळत नाही, कायद्याला कळतं.

तिसरी गोष्ट लग्नाची. परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं, की खास परवानगी असल्याशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. मग वरातीत ते कशाला? भाऊजींनी नंतर कबूल केलं, ‘नवरदेव निघताना हवेत दोन बार’ काढायचा मित्रांचा बेत होता! असा आनंदाचा गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळा गुन्हा ठरवला आहे. २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, वर गेलेली गोळी खाली येतेच ना? ती मांडवात कुणाच्या डोक्यावर येईल, हे बार काढणाऱ्याला कुठे माहीत असतं!

आणि चौथी, सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो कप्पा. यावर पुरुषमंडळी एक मुद्दा हमखास काढतात. ‘अहो, स्वसंरक्षणासाठी घेतलेलं शस्त्र पेटीत कुलूप लावून ठेवलं तर हल्लेखोर काय थांबणार आहे?’ मुद्दा अगदीच खोटा नाही. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला शस्त्र जवळ ठेवावंसं वाटणारच. पण त्याचीही रीत २०१६ च्या शस्त्र नियमांनी सांगितली आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेलं हवं. मोठी बंदूक तिच्या खास पिशवीत हवी. दोन्ही पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात. ती मिरवत, रोखत फिरणं साफ मना आहे.

आता बघा, गाडीचा कप्पा यात कुठे बसतो? तो अंगावर नाही आणि कुलपातही नाही. मालक पेट्रोल भरायला उतरला, चहाला थांबला, गाडी धुवायला दिली, ड्रायव्हरच्या हाती सोपवली, तरी शस्त्र तिथेच! ते वेळेवर मालकाच्या हाताला येण्याआधी लेकराच्या किंवा चोराच्या हाताला येईल. सीटखाली, दाराच्या खणात, बायकोच्या पर्समध्ये ठेवण्याचंही तसंच. म्हणून मी आमच्या घरापुरता एक नियम करून टाकला आहे. शस्त्र एक तर धारकाच्या अंगावर, नाही तर कुलपात. मधली जागाच नाही!

‘आमच्याकडे तसं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांना दोन घटना आठवून देते. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेलं स्वतःचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात शिरली. घर त्यांचं, शस्त्र त्यांचं, परवाना त्यांचा, शत्रू कोणी नाही. फक्त प्रवासाची घाई आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर! त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा गोळ्या झाडून खून झाला. ज्यानं तो केला त्यानं स्वतःवरही गोळी झाडून घेतली. पोलिसांनी सांगितलं, की पिस्तूल त्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरच्या परवान्याचं होतं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, त्यातून काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं.

आता दुसरी बाजू सांगते. आमच्या मंडळात एक बाई आहेत, डबे करून देतात. त्यांची मुलगी शाळेपासून नेमबाजी करते, एअर रायफलची. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक घेतलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. कोल्हापूरकडच्या या पोरांची नावं ऐकूनच आपल्याकडच्या मुली नेमबाजीकडे वळू लागल्या आहेत. स्पर्धेसाठी ती पुण्याला बालेवाडीला जाते. आई बिचारी घाबरून माझ्याकडे आली होती. ‘‘ताई, पोरगी बंदूक घेऊन गाडीत बसते, कोणी पकडलं म्हणजे?’’

मी त्या मुलीलाच बोलावलं. तिनं आपली पेटी माझ्या दिवाणावर उघडून दाखवली आणि खरं सांगते, मला भाऊजींना तिथेच बोलवावंसं वाटलं. पेटी कडक, आत फोमचे खाचे, बाहेर दोन कुलपं. रायफलच्या नळीतून एक भडक नारिंगी दोरी आरपार घातलेली. ‘‘ही सेफ्टी फ्लॅग, काकू. दोरी दिसली म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनच कळतं.’’ छर्ऱ्यांची डबी वेगळ्या बॅगेत. त्या बॅगेतच स्पर्धेचं पत्र, ओळखपत्र आणि खरेदीची पावती. अशा कमी ताकदीच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही, तरी तिची शिस्त अशी. मी गमतीनं म्हटलं, ‘‘अगं, रिकामीच आहे ना, दाखव इकडे धरून!’’ तर म्हणाली, ‘‘नाही काकू. बंदूक कधीच रिकामी नसते असं समजायचं. माणसाकडे नळी करायचीच नाही.’’

सोळा वर्षांच्या पोरीला जे शिकवलं जातं, ते पन्नाशीच्या परवानाधारकाला का नको? फरक शस्त्राचा नाही हो, मनाचा आहे. तिला ते कामाचं अवजार आहे. आमच्याकडे ती मिशी आहे! आणि मिशी काही पेटीत ठेवायची वस्तू नाही ना...

तेव्हा घरात परवान्याचं शस्त्र असेल आणि ते गाडीतून न्यायचंच असेल, तर काय बघायचं? मला जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते.

आधी ते न्यायची खरंच गरज आहे का, हे विचारायचं. लग्न, देवदर्शन, सहल यांना गरज नसतेच. पेंच-नागझिरा-ताडोबाला जायचं असेल तर मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर आणखी सावध. त्या काळात जिल्ह्याची छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते, आणि ज्यांना आदेश येतो त्यांना शस्त्र जमा करावं लागतं.

न्यायचं ठरलं तर घरातून निघण्याआधीच, लेकरं दुसऱ्या खोलीत असताना, धारकानं स्वतः ते रिकामं करायचं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही, आमचं काडतूस नंतरच पडलं होतं. स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून सगळी घरं मोकळी करायची. नळी सतत सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. ‘सेफ्टी आहे’ यावर विसंबायचं नाही, तो खटका आहे, पहारेकरी नाही.

मग शस्त्र एका कुलूपबंद पेटीत आणि काडतुसं दुसऱ्या. दोन्ही डिक्कीत, बाहेरून दिसणार नाहीत अशा. डिक्की वेगळी नसलेल्या गाडीत लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी. किल्ली धारकाच्या खिशात. घरच्या सगळ्या किल्ल्या आपल्या पदराला असतात, पण ही एक नको, कारण परवाना आपल्या नावावर नाही. मूळ परवाना सोबत हवा, झेरॉक्स नव्हे. त्यावरची मुदत, क्षेत्र, शस्त्राचा नंबर आणि किती काडतुसं बाळगायची मुभा आहे, हे एकदा बायकोनंही डोळ्यांखालून घालावं. लाइट बिल आपणच वाचतो ना!

वाटेत उतरताना शस्त्र गाडीत टाकून जायचं नाही. चोराला काच फोडायला किती वेळ लागतो? चोरीला गेलं तर लगेच जवळच्या ठाण्यात कळवणं धारकावर बंधनकारक आहे, आणि पुढे त्या शस्त्राचं कोणी काय केलं याची टोचणी जन्मभराची. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी कशी तापते हे सांगायला नको. काडतूस उन्हानं तसं लगेच फुटत नाही, पण दिवसच्या दिवस तापून ते खराब होतं, मग त्याचा भरवसा राहत नाही. नाकाबंदीला थांबवलं तर कप्प्यात, पेटीत एकदम हात घालायचा नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी शांतपणे सांगायचं, ‘गाडीत परवान्याचं शस्त्र आहे, डिक्कीत कुलपात आहे.’ पुढे ते सांगतील तसं.

आणखी एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. मागच्या वर्षी हिंगण्याकडच्या एका खेड्यातून एक बाई ऑटोनं माझ्याकडे आल्या. पायाशी लांबलचक पोतं. उघडून दाखवलं तर आत बारा बोअरची बंदूक! नवरा रानडुकरांपासून पीक राखायला वापरायचा, तीन महिन्यांपूर्वी वारला. ‘‘घरात ठेवायची भीती वाटते जी, कुठं नेऊ?’’ ती बाई पोत्यात बंदूक घेऊन भरल्या ऑटोत बसून आली होती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. घरात असा प्रसंग आलाच, तर बंदुकीला हात न लावता आधी ठाण्यात मृत्यूची खबर द्या, ती जमा कशी करायची ते त्यांनाच विचारा आणि जमा केल्याची पावती घ्या. वारसाला ती स्वतःच्या नावावर हवी असेल तर त्यानं रीतसर अर्ज करायचा. शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

मैत्रिणींनो, शस्त्र घरात आणावं की नाही, यावर प्रत्येकीचं मत वेगळं असेल. माझ्या मते ज्याला गरज नाही त्यानं आणूच नये. पण जे आलंय, त्याच्याबद्दल ‘मला काही कळत नाही बाई’ म्हणणं आता पुरे. गॅस सिलिंडरही आधी आपल्याला कुठे कळत होता? नळी तपासायला, रेग्युलेटर बंद करायला आपण शिकलोच ना? मग हेही विचारायला शिकू. विचारल्यानं नवऱ्याचा अपमान होत नाही. न विचारल्यानं काय होऊ शकतं, ते मी केळवदच्या अलीकडे बाभळीखाली उभं राहून पाहिलं आहे.

भाऊजींनी आता दोन पेट्या घेतल्या आहेत. बदलले का, ते माहीत नाही. कुरकुर चालूच असते. पण प्रवासाला निघताना दारात माझी जाऊ उभी असते. ‘‘गॅस बंद केला, मोटार बंद आहे, मागचं दार लावलं... आणि अहो, ते घरीच ठेवलं ना? नाही? मग रिकामं केलं का? दाखवा पेटी.’’ भाऊजी तोंड वाकडं करतात आणि डिक्की उघडून दाखवतात. ती कुलूप ओढून बघते. मग गाडी निघते.